‘हे खेळणे नव्हे’ असं खोक्यावर तुम्हीच छापलंय

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: तुमचं ३० सीसी पेट्रोल इंजिन, तुमचा हेडर (इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारी बाकदार नळी) आणि तुमचा डब्यासारखा कॅनिस्टर सायलेन्सर तुमच्याच रेडिओवर उडवायच्या मॉडेल विमानात न बसण्याबाबत (चौथ्यांदा)

महोदय,

तुमच्या मदत क्रमांकावरचा फोन आत्ताच ठेवला. नमस्कार-चमत्कार पुढच्या वेळी. विमान तुमचं, इंजिन तुमच्या नावाचं, हेडर आणि कॅनिस्टरही त्याच संचातले, आणि संचावर ‘कोणताही बदल न करता बसते’ असं ठळक छापलेलं. तेव्हा फायरवॉल म्हणजे इंजिन जिच्यावर बसतं ती नाकाची फळी आणि स्टँडऑफ म्हणजे इंजिन तिच्यापासून पुढे धरणारे धातूचे खांब, हे इथे पुन्हा सांगत बसत नाही. ते तीन फोनवर सांगून झालंय.

मुद्दा १३ मिलिमीटरचा आहे. पुस्तिकेतल्या तक्त्यात फायरवॉलपासून स्पिनरच्या (प्रॉपच्या, म्हणजे पुढच्या पंख्याच्या, मधल्या टोपीच्या) मागच्या थाळीपर्यंत १६५ मिलिमीटर अंतर दिलंय. तुमचं इंजिन तुमच्याच स्टँडऑफवर चढवलं की भरतं १५२. काउल, म्हणजे इंजिनावरचं आवरण, जागेवर लावलं तर स्पिनर त्याच्या तोंडावर आदळतो. काउल मागे सरकवावं तर ते कॅनोपीच्या (वरच्या काढघालीच्या झाकणाच्या) कडेवर चढतं, कॅनोपी निघत नाही, आणि टाकी नि इग्निशनची बॅटरी नेमक्या तिच्याखाली. पहिल्या फोनवर उत्तर मिळालं, “वॉशर टाका.” १३ मिलिमीटरचे वॉशर! दीड मिलिमीटरचा एक धरला तरी एकेका बोल्टवर आठ-नऊ वॉशरांची चळत, आणि तिच्यावर मिनिटाला सात हजार फेरे घेणारं एक सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. ज्यांनी हा सल्ला दिला त्यांनी इंजिन सुरू असताना प्रॉपसमोर उभं राहून दाखवावं. मी शेवटी लांब स्टँडऑफ लेथवर करून घेतले. त्याचे पैसे मागत नाही. सध्या.

इंजिन १३ मिलिमीटर पुढे आलं की त्याला लटकलेला हेडरही तितकाच पुढे येतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. हेडर आणि कॅनिस्टर जोडणारी टेफ्लॉनची नळी मग सरळ बसत नाही, आणि दोन धातूच्या नळ्यांच्या तोंडांत फट राहते. ती फट जितकी मोठी, तितका इंजिनातला तापलेला धूर थेट टेफ्लॉनवर. त्यात हेडरचा बाक टनेलच्या (पोटातल्या सायलेन्सरच्या बोगद्याच्या) पहिल्या फॉर्मरला, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या फळीला, टेकतो. टेकतो म्हणजे अक्षरशः टेकतो. कागदाचा कपटा आत सरकवून पाहिला, सरकला नाही. एका बाजूला तापणारी धातूची नळी, दुसऱ्या बाजूला हलकं प्लायवूड, आणि मध्ये कंपनीवरचा विश्वास.

फॉर्मर कापल्याशिवाय इलाज नव्हता. पुस्तिकेचं पान १४ म्हणतं, ‘आवश्यकतेनुसार फॉर्मर कापावा.’ वॉरंटी कार्ड म्हणतं, ‘सांगाड्यात कापाकापी केल्यास वॉरंटी रद्द.’ दोन्ही कागद एकाच प्लास्टिकच्या पिशवीतून आले. प्रवासात त्यांची ओळख झाली नसावी.

आता टनेल. कॅनिस्टरचा व्यास ६० मिलिमीटर, टनेलची आतली रुंदी ६४. दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर. सायलेन्सर थंड राहतो तो भोवतीने वाहणाऱ्या हवेने, आणि हवा आत येईल त्याच्या दुप्पट-तिप्पट जागा तिला बाहेर पडायला लागते, कारण तापलेली हवा फुगते. हे मैदानावर नव्याने आलेल्या पोरालाही पहिल्या आठवड्यात कळतं. तुमच्या टनेलची मागची फट पुढच्या तोंडापेक्षाही लहान आहे. म्हणजे तो टनेल नाही, झाकण लावलेली भट्टी आहे.

तरीही मी तुमच्यावर भरवसा ठेवला. शेपटी बांधून, मिश्रण श्रीमंत (पेट्रोल जास्त, हवा कमी) ठेवून, जमिनीवर आठ मिनिटं इंजिन चालवलं. इंजिन झकास चाललं, हेही लिहितो, खोटं कशाला बोलू. बंद केल्यावर विमान उलटं केलं. पोटावरच्या पिवळ्या फिल्मला आधी एक मोठा फुगा आला होता, आणि बघता बघता तो बसून तिथे भाजलेल्या कातडीसारख्या सुरकुत्या पडल्या. ही फिल्म आपण इस्त्री फिरवून ताणतो. तुमच्या कॅनिस्टरने तीच इस्त्री आतून फिरवली. टनेलच्या कडेचा इपॉक्सी नखाने दाबून पाहिला, तर नख रुतलं. तुमच्या कारखान्यात लावलेला इपॉक्सी, माझा नव्हे.

(संचात दिलेली इंधनाची नळी पारदर्शक सिलिकॉनची आहे. मेथॅनॉलवर चालणाऱ्या ग्लो इंजिनाला चालते, पेट्रोलमध्ये फुगते. पेट्रोल इंजिनाच्या संचात ती कोणी घातली, हा प्रश्न आता किरकोळ वाटू लागलाय.)

आता आजच्या फोनबद्दल. तो शब्दशः लिहितो, कारण तुमच्याकडे तो ‘गुणवत्तेसाठी’ ध्वनिमुद्रित होतो म्हणे, ताडून पाहा.

तुमच्या पुस्तिकेत पेट्रोल इंजिनाला ‘गॅस इंजिन’ असा शब्द आहे, म्हणून मीही तोच वापरला. ही माझी चूक. म्हणालो, “गॅस इंजिन बसवलंय, सिलिंडर ठीक आहे, पण खाली प्रचंड गरम होतंय.”

“सर, वास येतोय का?”

“येतोय. जळाल्याचा.”

“सर, आधी रेग्युलेटर बंद करा आणि खिडक्या उघडा.”

मला वाटलं थट्टा करतोय. म्हटलं, “अहो, विमानात कसला रेग्युलेटर?” त्यावर तो पोरगा अतिशय गंभीरपणे म्हणाला, “सर, विमानात सिलिंडर नेता येत नाही.”

त्याच्यावर माझा राग नाही. त्याला कोणी काही शिकवलंच नाही, आणि निदान माझा जीव वाचावा असं त्याला मनापासून वाटत होतं. राग आहे तो त्याने ज्यांना फोन जोडून दिला त्या ‘वरिष्ठ तंत्रज्ञां’वर. बावीस मिनिटं बासरी ऐकवून ते आले. १३ मिलिमीटरची गोष्ट मी पुन्हा पहिल्यापासून सांगितली. ते म्हणाले, “आमचं माप बरोबर आहे. तुम्ही मोजायला चुकत असाल. काय, पट्टीने मोजता का?”

“व्हर्नियरने.”

“व्हर्नियर आमच्या कंपनीचा आहे का?”

“नाही.”

“मग!”

हा ‘मग’ मी जन्मात विसरणार नाही. जणू मिलिमीटर कंपनीगणिक बदलतो. बदलत असेलही तुमच्याकडे, त्याशिवाय १६५ चे १५२ कसे झाले? मी टनेलचा विषय काढला, फिल्मचा काढला, इपॉक्सीत रुतलेल्या नखाचा काढला. पलीकडून चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला आणि मग हे वाक्य: “साहेब, कानशीने थोडं घासून घ्या, बसेल. एवढं काय, शेवटी खेळणंच आहे ना.”

खेळणंच आहे.

तुमच्या खोक्याच्या झाकणावर लाल अक्षरांत छापलंय, ‘हे खेळणे नव्हे. चुकीच्या वापराने गंभीर इजा होऊ शकते.’ बरोबर छापलंय. पुढे १८ इंची प्रॉप फिरतो, तो बोट ठेवत नाही. वजन सहा किलो. म्हणून मी प्रत्येक बोल्टला तो सैल होऊ न देणारं थ्रेडलॉक लावतो, इग्निशन रेडिओच्या रिसीव्हरपासून लांब ठेवतो, विमानाची शेपटी बांधतो, माणसं प्रॉपच्या मागे उभी करतो. जबाबदारी माझी असते तेव्हा हे खेळणं नसतं. १३ मिलिमीटर तुमचे चुकतात तेव्हा मात्र हे खेळणं होतं. एकदा काय ते ठरवा आणि झाकण तरी बदला किंवा तंत्रज्ञ तरी.

वाईट याचं वाटतं की माझं पहिलं शिकाऊ विमान तुमचंच होतं. त्याच्या खोक्यात इंजिनाच्या भोकांचा खऱ्या मापाचा कागदी साचा असायचा. फायरवॉलवर चिकटवायचा, टोच्याने चार खुणा करायच्या, भोकं पाडायची, इंजिन बसायचं. घासाघीस नाही, वॉशर नाहीत. ते विमान मी तीनदा पाडलं, तीनदा जोडलं आणि एकदाही बोट तुमच्याकडे दाखवलं नाही, कारण दोष माझा होता. आज तो माझा नाही.

मागणी सरळ आहे. योग्य बाकाचा हेडर, टनेलचा दुरुस्त भाग, पेट्रोलला चालेल अशी नळी आणि मापाचे स्टँडऑफ १५ दिवसांत पाठवा. नाहीतर संच परत घेऊन पूर्ण रक्कम द्या. कापलेल्या फॉर्मरचं निमित्त पुढे करू नका, पान १४ ची प्रत सोबत आहे. यातलं काहीच झालं नाही तर हे विमान मी उडवणार नाही, विकणारही नाही. क्लबच्या शेडमध्ये पोट वर करून टांगीन, सुरकुतलेल्या फिल्मखाली तुमचा तक्ता आणि शेजारी माझा व्हर्नियर. नवीन येणारा प्रत्येक जण पहिलं विमान कुठलं घ्यावं हे त्याच शेडमध्ये उभं राहून विचारतो. इतकी वर्षं मी तुमचं नाव सांगत आलो.

आपला
(अजून तरी) ग्राहक

सोबत: छायाचित्रे ९, पान १४ ची प्रत, वॉरंटी कार्डाची प्रत.

ता. क. खोक्याच्या झाकणावरचा तो लाल अक्षरांचा तुकडा कापून सोबत जोडलाय. वरिष्ठ तंत्रज्ञांच्या टेबलावर लावावा. कापल्यामुळे झाकणाची वॉरंटी रद्द झाली असल्यास तसं कळवावं.