बांगडीचं माप

इंदूर, रविवार दुपार

प्रिय मंदे,

पत्राला उशीर झाला. शिव्या दे, हक्क आहे तुझा.

महिनाभर नव्या बॅचची स्किल लॅब चालू आहे. टेबलावर रबरी ओटीपोट, शेजारी गर्भाशयाच्या मुखाचे १ ते १० सेंटिमीटरचे साचे. वर कापड टाकायचं, ग्लोव्ह घालून दोन बोटं आत, आणि मुख किती उघडलंय तो आकडा सांगायचा. पहिल्या दिवशी सहाच्या साच्याला कुणी चार म्हणालं, कुणी आठ. एकीने तर 'फुल', म्हणजे पूर्ण दहा, सांगून मला बाळंतपणाच्या तयारीलाच लावलं!

सुदामानगरची एक मराठी पोरगी आहे, वर्गात तोंड न उघडणारी. ती चाचपून पुटपुटली, "मॅडम, ही तर माझी बांगडी. दोन-सहाची." मी हसले. घरी येऊन बांगडी पट्टीवर धरली, तर आतून बरोबर सहा सेंटिमीटर! दोन इंच आणि वर सहा सोळांश, हिशेबच तो. राजवाड्याजवळ इतकी वर्षं बांगड्या भरतेय, कधी डोक्यात आलं नाही. आता प्रत्येकीच्या बोटांना एक ओळखीचं माप आहे. बाकीची त्याच्या अलीकडे-पलीकडे लागतात. आणि नेमकी तिथेच गफलत महागात पडते. आपण सक्रिय कळा, म्हणजे मुख भराभर उघडायचा टप्पा, चार सेंटिमीटरपासून घोकल्या होत्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या 'लेबर केअर गाइड'मध्ये त्या पाचपासून धरतात. तिनाला कुणी पाच म्हटलं, की 'पुढे सरकत नाही' म्हणून त्या बाईला उगाच सलाइनमधून कळांचं औषध सुरू व्हायचं.

हे साचेबिचे नवीन नाहीत हं. फ्रान्समधली मादाम द्यु कुद्रे नावाची सुईण कापड-चामड्याची बाई शिवून गावोगाव शिकवत फिरायची. राजाने तिला तशी सनद दिली १७५९ साली. इकडे अहिल्याबाईंचा कारभारही सुरू व्हायचा होता. आपल्या वेळेपर्यंत मात्र ती बाहुली पोचली नव्हती.

आपली वेळ आठवते ना? सहा जणी रांगेत आणि एकाच बाईची पी.व्ही., म्हणजे आतून बोटांनी तपासणी. पुस्तकात चार तासांनी एकदा, तिला तासाभरात सहादा. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. तिला विचारा असं कुणी सांगितलं नाही, आणि आपणही विचारलं नाही.

रबरी बाई कण्हत नाही, ही तिची खोट. म्हणून गुरुवारी मी ते पोट एका पोरीलाच बांधलं आणि म्हटलं, दहा मिनिटांत किती कळा, ते पोटावर हात ठेवून मोजा. आमची पहिल्या नंबरची आली ती थेट ग्लोव्ह चढवत. 'आई'ने पाय आखडून घेतले, "पहले बताओ तो सही दीदी, करने क्या वाली हो?" वर्ग खो खो हसला. पण 'आई' हसली नाही. नंतर पोट सोडताना मला म्हणाली, "मॅडम, खालून सगळ्यांच्या फक्त नाकपुड्या दिसतात."

तेव्हापासून दोन गोष्टी सक्तीच्या केल्यात: आधी नाव विचारायचं, मग काय करणार ते सांगायचं. त्यानंतर ग्लोव्ह.

मंदे, त्या बाईचं नाव तुला आठवतं का? मी गुरुवारपासून आठवतेय. केसपेपर मीच भरला होता.

तुझी,
विजू