आधी गेम, मग दुरुस्ती

संपादक महोदय,

मोबाइल गेम अर्धवट बाजारात आणायचा आणि उरलेलं काम अपडेटवर ढकलायचं, हा आता रिवाजच झालाय. ‘पोकेमॉन गो’ जुलै २०१६ मध्ये आला. त्यातले पोकेमॉन (पकडायचे काल्पनिक प्राणी) खेळाडूंनी एकमेकांत बदलायची सोय मात्र थेट जून २०१८ मध्ये. नवी भर पडली तर तक्रार नाही. पण साध्या दुरुस्त्यांसाठीही वरचेवर अपडेट? आमच्या खेड्यात रेंजसाठी पोरं पाण्याच्या टाकीजवळ जमतात. वीज गेली की टॉवरही जातो आणि दिवसाचा दीड जीबी डेटा अर्ध्या डाउनलोडमध्येच खलास! प्ले स्टोअरवरच्या ‘अर्ली ॲक्सेस’ (म्हणजे पूर्ण होण्याआधीच खेळायला दिलेल्या) गेमला तर जाहीर अभिप्रायही देता येत नाही. अपडेट किती एमबीचा, कशासाठी, एवढं तरी कंपन्यांनी आधी मराठीत सांगावं.

– एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ