बोपदेव घाटातल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचे पॉवर पेडल (पायाचा जोर वॅटमध्ये मोजणारे पेडल) परत दिले तेव्हा नुसतं "थँक्यू" म्हणून निघाले. घरी आल्यावर रडू आलं, म्हणून हे लिहिते आहे.

नवी रोड बाइक घेतली आणि महिनाभर मी स्वतःलाच हरवून बसले होते. जुन्या सायकलच्या पॉवर मीटरवर हृदयाच्या १५२ ठोक्यांना २०० वॅट दिसायचे, नव्या सायकलच्या मीटरवर तेवढ्याच ठोक्यांना १८५. जिथे सायकल घेतली तिथे सांगितलं, "मीटर नवा आहे मॅडम, बरोबरच दाखवणार." ज्यांना पैसे देऊन प्रशिक्षण घेत होते, त्यांनी फिटनेस गेल्याचं ठरवून एप्रिलच्या उन्हात इंटरव्हल (थांबून थांबून जोरात मारायचे टप्पे) वाढवले. एकाने तर वय काढलं. घाट किती वेळात चढते, हे एकानेही विचारलं नाही. तुम्ही पहिला प्रश्न तोच विचारलात. वेळ तर उलट वीस सेकंदांनी कमी झाली होती!

आणि मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये, टॉर्च तोंडात धरून, तुम्ही स्वतःच्या सायकलचे पॉवर पेडल काढलेत. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, हे मला शिकवत शिकवत माझ्या जुन्या सायकलला बसवलेत, ग्रीस स्वतःच्या रुमालाला पुसलंत. "आठवडाभर ठेवा. दोन्ही सायकलींना लावून बघा, पहाटे एकाच वेळी निघा. आणि निघण्याआधी मीटर झीरो करायला, म्हणजे शून्यावर आणायला, विसरू नका." तुमची ६०० किलोमीटरची बीआरएम (लांब पल्ल्याची सायकल राइड) तीन आठवड्यांवर आली होती. माझे साधे पेडल लावून तुम्ही घरी गेलात. तुमच्या नोंदींत त्या आठ दिवसांचा पॉवरचा रकाना कोरा आहे, दादा. आकड्यांवर जीव असलेल्या माणसाने असं करणं म्हणजे काय, ते मला कळतं.

उत्तर पहिल्याच पहाटे मिळालं. जुन्या सायकलचा मीटर फक्त डाव्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर), तो डाव्या पायाचा जोर दुप्पट करून दाखवतो. माझा उजवा गुडघा जुना दुखावलेला, त्यामुळे डावा पाय ५४ टक्के काम करतो. म्हणून खऱ्या १८५ चे तिथे २०० व्हायचे. नवा मीटर दोन्ही पायांचं मोजतो.

मी कमजोर झालेच नव्हते. हे तुम्हाला नुसत्या शब्दांनीही सांगता आलं असतं. पण तुम्ही मला माझ्या डोळ्यांनी बघू दिलंत. ओळख जेमतेम चार रविवारांची, आणि इतकी महागाची वस्तू बिनदिक्कत हातात दिलीत. अशी माणसं आहेत म्हणून पहाटे पाचला एकटीने दिवे घाटाकडे निघायचं धाडस होतं.

आता सरावाचे झोन (जोराचे टप्पे) १८५ धरून नव्याने लावले आहेत. आणि उजव्या पायासाठी रोज जिना चढते आहे, कालपर्यंत त्याचा वाटा ४७ टक्के झाला.