सोलरचा हप्ता मिळकत कराच्या बिलात घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलर, गांडूळखत, पावसाचं पाणी जिरवणं यातलं एक केलं तर पुणे महापालिका मिळकत करात ५ टक्के सवलत देते, दोन केली तर १० टक्के, आणि हे चांगलंच आहे. केंद्राच्या सूर्यघर योजनेतही ३ किलोवॅटला घरामागे ७८ हजार रुपये अनुदान मिळतं, सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार. पण हे सगळं पॅनेल बसल्यावर. आधी पैसे काढायचे कुणी, तिथेच घोडं अडतं.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत यावर मीटिंग झाली. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे सगळं कॉमन मीटरवर, बिल दर महिन्याला सगळ्यांना दिसतं त्यामुळे सोलर नको असं कुणीच म्हणालं नाही, पण प्रत्येकाची वर्गणी किती येते ते सांगितल्यावर सगळे गप्प. पहिल्या मजल्यावरच्या काकू पेन्शनवर, त्या म्हणाल्या एकदम एवढे कुठून आणू. एकजण लवकरच फ्लॅट विकणार, तो म्हणाला पैसे मी भरायचे आणि वीज नवीन येणारा वापरणार. दोघांचंही बरोबरच आहे की. बँकेत विचारलं तर कन्व्हेयन्स झालेलं नाही, जमीन अजून बिल्डरच्या नावावर, मग तारण काय ठेवणार? पुण्यात अशा सोसायट्या गल्लोगल्ली आहेत.

अमेरिकेत बर्कले शहराने २००८ मध्ये यावर मार्ग काढला, पुढे तो 'पेस' नावाने बऱ्याच ठिकाणी गेला. पैशांची सोय पालिकेने करायची, लोकांनी सोलर बसवायचं आणि २० वर्षांत घराच्या टॅक्सबरोबर थोडं थोडं फेडायचं. कर्ज माणसाच्या नावावर नाही, घरावर. घर विकलं की राहिलेले हप्ते नवा मालक भरतो, कारण पॅनेल पण त्यालाच मिळतं ना. म्हणजे आमच्या काकू आणि तो फ्लॅट विकणारा, दोघांचाही प्रश्न सुटतो.

तिथे या योजनेत लोक फसले पण, तेही सांगायला हवं. कॉन्ट्रॅक्टर दारोदार फिरून सह्या घ्यायचे, फेडायची ऐपत आहे का कुणी धड बघायचं नाही आणि वयस्कर लोकांवर टॅक्स थकून घर जायची वेळ आली. लॉस एंजेलिस काउंटीने घरांसाठीची योजना २०२० मध्ये बंदच केली. शिवाय टॅक्सची वसुली होमलोनच्या आधी होते म्हणून २०१० पासून तिथल्या गृहकर्जाच्या नियामकाने विरोध केला. आपल्याकडेही मिळकत कराची वसुली कर्जाच्या आधी होते, त्यामुळे बँकांना सुरुवातीपासून बरोबर घ्यायला लागेल.

म्हणून माझं म्हणणं आहे की पुण्यातही अशी योजना आणा, पण सुरुवात फक्त सोसायट्यांच्या कॉमन मीटरपासून करा. वर्षाचा हप्ता वाचणाऱ्या बिलापेक्षा कमी बसत असेल तरच मंजुरी द्या, आणि महावितरणचं नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारं) लागून वीज मोजली जायला लागल्याशिवाय कॉन्ट्रॅक्टरला पूर्ण पैसे देऊ नका. नंतर त्यात जुने पंप बदलणं आणि गच्चीला उष्णता परतवणारा रंग देणं पण घ्या, मे महिन्यात वरच्या मजल्यावर रात्री अकराला पण स्लॅबची धग अंगावर येते, गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला गरम येतं, तिथे रात्रभर एसी चालवण्यावाचून दुसरं काय करणार लोक.

पैसा कुठून आणायचा म्हणाल तर याच महापालिकेने २०१७ मध्ये चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे बॉण्ड काढले होते, तो अनुभव गाठीशी आहे. आणि मिळकत कराच्या बिलात असा हप्ता लावायला कायद्यात बदल करावा लागत असेल तर महापालिकेने तसा प्रस्ताव राज्य सरकारकडे पाठवावा, आमच्या भागातल्या नगरसेवकांनी आणि आमदारांनी तो लावून धरावा.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे