गाडी नको, हँडल बघ

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

प्रदर्शनाच्या फलकावर तुमचं नाव लावू दिलं नाहीत. ‘लावायचंच असेल तर वालचंदशेठचं लावा’, म्हणजे प्रीमियर मोटार कंपनी काढणाऱ्या वालचंद हिराचंदांचं, असं म्हणालात आणि विषय संपवलात. म्हणून हे उघड पत्र. नाव इथेही लिहीत नाही, पण आभार मानायला तुमची परवानगी काही घेणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. आमच्या वाचनालयात जुन्या कृष्णधवल चित्रपटांतल्या मुंबईच्या रस्त्यांचं छोटंसं प्रदर्शन भरवायचं ठरलं. नायक-नायिका नकोत, त्यांच्या पाठीमागून जे जातं ते हवं. ट्राम, व्हिक्टोरिया, हातगाड्या आणि मोटारी. ‘चलती का नाम गाडी’मधली ती जुनी शेवरले सगळ्यांना पाठ असते, पण फुटपाथला लावलेल्या मोटारीकडे कोण बघतो? प्रत्येक फ्रेमखाली साल लिहायचं, ही माझी हौस. चित्रपट कधी लागला ते सहज सापडतं, पण शूटिंग त्याच्या कितीतरी आधी झालेलं असू शकतं. म्हटलं, गाडी ओळखली की साल मिळेल. कुणीतरी सांगितलं, प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात उभं आयुष्य काढलेले एक काका आहेत, त्यांना गाठ.

तुम्ही पहिल्याच भेटीत माझ्या हौसेला कात्री लावलीत. ‘गाडीवरून साल कळत नाही. ह्याच्या आधीचं नाही, एवढंच कळतं.’ आणि मग कारण समजावलंत. जनरल मोटर्स 1928 पासून शिवडीला गाड्या जुळवत होती, फोर्डचंही इथे बस्तान होतं. 1953 मध्ये सरकारने बजावलं, की नुसती जुळवाजुळव चालणार नाही, सुटे भाग इथेच बनवायची योजना द्या. दोघांनी गाशा गुंडाळला. पुढे परदेशी गाडी मिळणं मुश्कील, देशी गाडीला नंबर लावून वाट बघायची. मग हातातली कोण सोडतो? सत्तेचाळीसची डॉज पासष्टच्या चित्रपटातही ऐटीत धावते ती त्यामुळे. विलायतेतल्या चित्रपटात जुनी गाडी दिसली तर गरिबी किंवा गंमत दाखवायची असते. मुंबईत तो नेहमीचा रस्ता असतो.

एक फ्रेम मी गर्दीची म्हणून बाजूला ठेवली होती. तीन टॅक्स्या, एक बस, आणि बसच्या आडून डोकावणारं एका गाडीचं अर्धंमुर्धं अंग. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात, अंगठ्याने बस झाकलीत आणि म्हणालात, ‘गाडी नको बघू, हँडल बघ.’ पुढच्या दाराचं हँडल दाराच्या पुढच्या टोकाला होतं, जवळजवळ समोरच्या काचेखाली. म्हणजे बिजागऱ्या मधल्या खांबावर, दार उलटं उघडणारं. डुक्कर फियाट, म्हणजे जुनी फियाट 1100! 1954 च्या आधीची असूच शकत नाही. 1964 च्या फियाट डिलाइटला दारं सुलटी झाली, हँडल मागच्या टोकाला गेलं, आणि तीच बॉडी पुढे प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी म्हणून मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी पार ह्या शतकापर्यंत पळवली. बोटभर हँडलने एवढं सांगितलं. आता मी कुठलाही जुना चित्रपट बघायला बसले की घरचे वैतागतात, कारण नायिका रडत असते आणि मी दारं मोजत असते.

डॉज, प्लिमथ आणि डिसोटो ह्यांचं प्रकरण मात्र तुम्ही फार रंगवून सांगितलंत. तिन्ही क्रायस्लरच्या, तिन्ही कुर्ल्याला जुळवल्या जायच्या, आणि डॉज किंग्जवे म्हणजे मुळात प्लिमथच, समोरची जाळी आणि बिल्ला तेवढा वेगळा. समोरून दिसली तर नाव सांगता येतं. बाजूने किंवा पाठीमागून धूसर दिसली तर जो छातीठोकपणे सांगेल तो थापाड्या, असं तुमचं मत. माझ्या यादीत अशा बऱ्याच होत्या. तुम्ही प्रत्येकीपुढे ‘क्रायस्लर घराणं’ एवढंच लिहायला लावलंत. हिंदुस्तान मोटर्सच्या लँडमास्टर आणि अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये तुलनेने सोपं गेलं. गुळगुळीत बॉनेट असेल तर लँडमास्टर. बॉनेटवर पन्हळी आणि मागच्या मडगार्डला जरासं शेपूट असेल तर अ‍ॅम्बॅसॅडर.

इम्पालाचं काय करायचं ते मात्र अजून मला कळलेलं नाही. प्रदर्शनाला आलेले निम्मे लोक प्रत्येक लांबलचक अमेरिकन गाडीपुढे थांबून ‘इम्पाला!’ म्हणाले. त्यातले एक गृहस्थ 1955 च्या चित्रपटातल्या फ्रेमसमोर उभे राहून आपल्या वडिलांच्या शेठची हीच इम्पाला होती म्हणून सांगत होते. इम्पाला हे नावच शेवरलेने 1958 च्या मॉडेलपासून आणलं. मी त्यांना तुमची दिव्यांची खूण सांगितली, की साठ-एकसष्टच्या मॉडेलला मागे एका बाजूला तीन गोल दिवे असले तर इम्पाला, दोन असले तर शेवरलेचीच बेल एअर किंवा बिस्केन. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘असेल, पण ती इम्पालाच.’ तुम्ही असतात तर हसला असतात.

ज्याची मला कल्पनाच नव्हती ती गोष्ट म्हणजे गाडीतल्या प्रसंगांची मागची काच. नायक स्टिअरिंग गरागरा फिरवतो आणि मागचा रस्ता सरळच्या सरळ! गाडी स्टुडिओत उभी, आणि मागच्या पडद्यावर आधी कधीतरी टिपलेला रस्ता चालू. तो रस्ता आधीच्या एखाद्या चित्रपटासाठी घेतलेलाही असू शकतो, तेव्हा काचेतून दिसणाऱ्या गाड्यांवर कधीच विसंबायचं नाही, असं तुम्ही बजावलंत. तशा सगळ्या फ्रेम मी काढून टाकल्या. वाईट वाटलं, कारण त्यातली एक फार सुंदर होती. दुसऱ्या एका फ्रेममध्ये मरीन ड्राइव्हवर गाड्या उजवीकडून चालल्या होत्या. ती निगेटिव्ह उलटी छापलेली, हे तुम्ही नंबरप्लेटवरून ताडलंत, मी समुद्राकडेच बघत बसले होते.

उलट्या बाजूने, म्हणजे ‘ह्याच्या नंतरचं नाही’ असं, साल बांधायला गाडी कमी पडते, तिथे तुम्ही रस्त्याकडे बोट दाखवलंत. ट्राम धावताना दिसली तर 31 मार्च 1964 च्या आधीचं; त्या रात्री शेवटची ट्राम गेली. वर विजेच्या तारा आणि खाली बस दिसली तर ट्रॉलीबस, म्हणजे 1962 ते 1971. पाटी बीएमने सुरू होत असेल तर गाडीची नोंदणी महाराष्ट्र होण्याआधीची, शूटिंग मात्र नंतरचंही असू शकतं. गाडी आणि रस्ता ह्यांच्या कात्रीत सापडून बऱ्याच फ्रेमखाली आज ‘1954 नंतर, 1964 पूर्वी’ असं लिहिलेलं आहे. एका साली बोट ठेवण्यापेक्षा मला हे जास्त आवडायला लागलं आहे.

आणि त्या गल्लीतल्या फ्रेमबद्दल वेगळे आभार. शेडखाली उभी, फक्त एक मडगार्ड आणि चाक दिसणारी गाडी. तुम्ही ती घरी ठेवून घेतलीत, पुन्हा पुन्हा बघितलीत आणि परत देताना म्हणालात, ‘नाही सांगता येत.’ आम्हाला नाव हवंच होतं, तुम्ही एखादं ठोकून दिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. ती फ्रेम प्रश्नचिन्हासकट लावली. लोक सगळ्यात जास्त तिच्यापाशी घुटमळले आणि आपापसात भांडले.

काकूंना नमस्कार. फ्रेमच्या प्रती आणि तुमचं भिंग पुढच्या आठवड्यात आणून देते.

आपली नम्र,
वाचनालयातली

ता. क. नव्या गठ्ठ्यात भायखळ्याच्या पुलावरचा एक ट्रक आहे. मला वाटलं फार्गो, पण जाळीवर तारा दिसतोय. म्हणजे टाटा-मर्सिडीज, 1954 च्या आधीचा नाही, बरोबर ना? तुम्ही बघितल्याशिवाय फलक छापत नाही.