ट्रॅमल म्हणजे जाळं

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू तिकडच्या, अमेरिकेतल्या, रानाच्या कायद्यातलं वाक्य वाचून दाखवलंस, की रान म्हणजे माणसाकडून ‘अनट्रॅमल्ड’ राहिलेली जमीन, आणि ‘अनट्रॅमल्ड’ म्हणजे पाय न लागलेलं, असं सांगून पुढे गेलीस. तुझ्या अभ्यासाचाच शब्द, म्हणून मुद्दाम लिहितोय. तुडवणं ते ट्रॅम्पल. ट्रॅमल म्हणजे अडकवणं, जखडणं.

मूळ शब्द मासेमारीतला. जुन्या फ्रेंचमधून आलेला, त्यामागे लॅटिन ‘त्रेमाकुलुम’. त्रे म्हणजे आपलं तीन, आणि माकुला म्हणजे जाळ्याची आस, जाळ्यातलं एकेक भोक. पाण्यात उभी सोडलेली तीन जाळी. बाहेरच्या दोन्हींची आस मोठी, मधल्याची बारीक, आणि मधलं चांगलं सैल. मासा मोठ्या आसेतून बेधडक शिरतो, बारीक जाळं डोक्यानं ढकलत पलीकडच्या मोठ्या आसेतून बाहेर नेतो. तिथे त्याच जाळ्याची पिशवी होते आणि तो तीत लटकतो. जितका जोर करील तितका गुंततो. घोड्याला चाल शिकवताना त्याचे पाय बांधायचे, त्या बंधनालाही पुढे हेच नाव पडलं. आपला ‘पायबंद’ही घोड्याच्या पायातलाच की!

1964 च्या त्या कायद्याचा मसुदा हॉवर्ड झानायझरनं लिहिला. लोक चुकीचं वाचतील, सोपा शब्द घाल, असं त्याला सुचवलं होतं. तो हलला नाही, आणि मला त्याचंच पटतं. माणसाचा पायच लागला नाही अशी जमीन शोधायची तर हाती काय उरणार? त्याच वाक्यात माणसाला पाहुणा म्हटलंय, मुक्काम न करणारा. पाहुण्यानं यावं, हिंडावं. रानाला दावं बांधू नये. मे महिन्यात झानायझर गेला, सप्टेंबरमध्ये कायद्यावर सही झाली. त्या वेळी त्याची बायको ॲलिस तिथे उभी होती. हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो.

आणि एक. आजीच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी पडद्याचं चित्र दाखवून मधल्या पिवळसर ठिपक्यावर बोट ठेवलं, म्हणाले, “हा मॅक्युला.” लॅटिनमध्ये डाग आणि जाळ्याची आस, दोन्हींना हा एकच शब्द. पुढचं इंजेक्शन गुरुवारी आहे. तुझं पत्र आलं तर मोठ्या अक्षरात लिही, ती स्वतः वाचीन म्हणते.

तुझे,
बाबा