वाचता न येणाऱ्या मुलाला ‘ढ’ ठरवण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान वर्गांतल्या मुलांना वाचन-गणित नीट यावं म्हणून चालणाऱ्या निपुण भारत या सरकारी अभियानाच्या वाचन तपासण्या आमच्याकडे सुरू आहेत. तिसरीच्या मुलाने मिनिटाला 60 शब्द समजून वाचावेत, हे उद्दिष्ट योग्यच आहे. पण जे मूल वर्षभर घासूनही दहाच्या पुढे सरकत नाही, त्याच्या नावापुढे फक्त शेरा पडतो. कारण कुणी शोधत नाही. घाटंजी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी शिक्षिका आहे, म्हणून हे लिहिते.

माझ्या वर्गातला एक मुलगा पोळ्याच्या तोरणाखाली उभा राहिला, की कोणता बैल कुणाचा हे नुसत्या तोंडावरून सांगतो. शिंगं रंगवलेली असोत की अंगावर झूल असो, तो चुकत नाही. पण ‘दिवस’ वाचताना त्याला घाम फुटतो. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, तिथे तो हमखास अडतो. घ-ध, भ-म यांची रोज गल्लत. काल ओळखलेलं अक्षर आज परकं. वडील म्हणतात, “मॅडम, डोकंच नाही जी त्याले, वावरात बरा हाय.” डोकं नसतं तर एवढे बैल ओळखले असते का?

मग बैल ओळखणाऱ्याला अक्षर का ओळखता येत नाही? माणसाला लिपी सापडून जेमतेम पाच हजार वर्षं झाली. अक्षरांसाठी मेंदूत जन्मजात जागा असणं शक्यच नाही. चेहरे ओळखण्याचं काम मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात, त्यातही उजव्या बाजूला जास्त चालतं. मेंदूच्या अभ्यासक नॅन्सी कॅनविशर यांनी 1997 मध्ये तो भाग नेमका दाखवला. शब्दांची जागा साधारण तशीच, पण डाव्या बाजूला. कोएन आणि देहाएन या संशोधकांनी 2000 मध्ये तिचं वर्णन केलं. ही जागा शिकण्यातून घडते. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, बहुतेक स्त्रियांना, सहा महिने देवनागरी शिकवली, तर त्यांच्या मेंदूच्या कामात मोजता येईल असा बदल दिसला. तो अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला.

डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन जड जाण्याची अडचण. ती असलेल्या मुलांत ही डावी बाजू आणि तिचं आवाजाच्या भागांशी असलेलं जोडकाम कमी पडतं. दोष बहुधा नजरेचा नसतो, अक्षराला आवाज जोडण्याचा असतो. म्हणून चष्मा लावून किंवा छडी दाखवून काही होत नाही. इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी 1896 मध्येच अशा चौदा वर्षांच्या मुलाची नोंद केली होती. तो स्वतःचं नावही चुकवून लिहायचा, पण शिक्षण सगळं तोंडी असतं तर शाळेत सर्वांत हुशार तोच ठरला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत होतं. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमचा मुलगाच आला.

याच्या उलट एक मुलगी आहे. धडा घडाघडा वाचते, पण बाजारात मी समोर आले तरी अनोळखी माणसासारखी बघून निघून जाते. हाक मारली, की आवाजावरून ओळखते. बाया म्हणतात, पोरगी शिष्ट आहे. चेहरा ओळखण्याची जन्मजात अडचण शंभरात साधारण दोघांना असते, असा संशोधकांचा अंदाज आहे. या अडचणीला प्रोसोपॅग्नोसिया म्हणतात. स्वमग्न मुलांपैकी काहींनाही चेहऱ्यांची अडचण येते. हिचं नेमकं काय, हे मी ठरवू शकत नाही. वर्गातल्या पोरींना एवढंच सांगून ठेवलं आहे, की तिच्याशी बोलताना आधी आपलं नाव सांगा. आता ती डब्याच्या वेळी एकटी बसत नाही.

आणखी एक सांगते. आमच्या पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, मुलं घरी कोलामी बोलतात. मराठी त्यांना नवी भाषा आहे. त्यांच्या अडखळण्याला लगेच डिस्लेक्सिया म्हणणं हाही अन्यायच. म्हणूनच तपासायला जाणकार माणूस लागतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो, आणि ती लवकरात लवकर ओळखण्याची जबाबदारी कलम 16 ने शाळांवर टाकली आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेल्या ‘डाली’ या चाचण्या मराठीतही आहेत. पण आमच्याकडचे पालक दहावीत जादा वेळ मिळावा म्हणून अध्ययन अक्षमतेच्या दाखल्यासाठी धावतात तेव्हा कुठे तपासणी होते. त्यासाठी यवतमाळ-नागपूरच्या खेपा आणि बुडालेली मजुरी. कापूस वेचणीच्या दिवसांत तर कुणी निघतच नाही.

माझी मागणी एवढीच, की तज्ज्ञांचं पथक ठरलेल्या वारी तालुक्याच्या ठिकाणी बसावं, तपासणी दुसरी-तिसरीतच व्हावी, आणि निपुणच्या तक्त्यात शेऱ्याशेजारी ‘तपासणीसाठी पाठवले’ असा एक रकाना असावा. हा रकाना छापायला तर पैसाही लागत नाही.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. घाटंजी, जि. यवतमाळ